पाच मिनिटांचा तर रस्ता आहे म्हणे!

तासभर झाला घरी येऊन, तरी माझे हात थरथरतायत.

गाडी मी चालवत होते. मागे चौदा महिन्यांची लेक तिच्या सीटमध्ये, शेजारी नवऱ्याची आत्या. लेकीने भोकाड पसरलं. पसरणारच, झोपेची वेळ टळली होती. "आत्या, तिच्या हातात खुळखुळा द्या ना," म्हटलं. तर मागून टक्! बकल सुटल्याचा आवाज. आरशात बघते तर पोर आत्यांच्या मांडीवर. चालत्या गाडीत! गाडी कडेला घेतली, तर उलट मलाच ऐकवलं, "अगं, पाच मिनिटांचा तर रस्ता आहे. किती करकचून बांधतेस लेकराला! आम्ही नाही का मुलं वाढवली?"

वाढवलीत. गाडी कुठे आदळली नाही म्हणून वाढली. ताशी ५० किलोमीटरला धडक बसली की १० किलोचं पोर हातात धरून ठेवायला दोन-तीनशे किलोंचा जोर लागतो. पैलवानालाही ते जमायचं नाही. त्यात आत्यांनी स्वतःचा पट्टाही लावलेला नव्हता. म्हणजे पुढची सीट आणि आत्या यांच्या मधे माझं पोर! हे त्यांना तोंडावर सांगितलं, तर म्हणाल्या, "अभद्र बोलू नकोस." बोलले ते अभद्र, आणि बकल सोडलं ती माया? हो, मी ओरडले. परत ओरडेन.

शिवाय लेकीची सीट मागे तोंड करून लावलेली, त्यावर आत्यांचं दर वेळचं ते पालुपद, "बिचारीचे पाय दुमडतात, तोंड पुढे कर." पाय दुमडले तर दुमडू देत, मान महत्त्वाची आहे! या वयात डोकं जड आणि मानेची हाडं अजून कूर्चेनेच जोडलेली. तोंड मागे असलं की समोरच्या धडकेत डोकं, मान, पाठ सगळ्याला सीटची पाठ एकदम सावरते. सीट विकणाऱ्यानेही छातीठोक सांगितलं होतं, वर्ष झालं की वळवा. युरोपातला मुलांच्या कार-सीटचा आर१२९ नियम १५ महिन्यांच्या आत वळवूच देत नाही, आणि तेही कमीत कमी. सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेत बसतंय तोवर मूल मागे तोंड करूनच बसलं पाहिजे. विकणाऱ्याला एवढंही माहीत नसावं?

नवऱ्याचा मित्र त्याच्या वरताण. "पुढच्या सीटवर लाव, लक्ष राहतं." समोर एअरबॅग चालू! ती उघडली की मागे तोंड केलेल्या सीटच्या पाठीवरच आदळते, नेमकं बाळाचं डोकं असतं तिथे. अपघातातून निघालेली सीटही यानेच देऊ केली होती, "एक ओरखडासुद्धा नाही बघ." आतला तडा बाहेरून दिसतो होय? आणि स्वतःच्या गाडीत पट्ट्याची टुणटुण बंद करायला नुसतं बकल खोचून ठेवतो. अशा माणसांचा मला मनापासून राग येतो.

नवराही सुटत नाही. जाड स्वेटरवरून पट्टे बांधतो आणि म्हणतो, घट्ट आहेत. स्वेटर काढला की हातभर ढिले! खांद्यापाशी पट्ट्याची घडी चिमटीत आली तर तो ढिलाच, हे त्याला किती वेळा करून दाखवलंय.

आज रस्त्याच्या कडेला लेकीला परत बसवलं, पट्टे ओढले, चिमटीने तपासले. ती रडतच होती. आत्या घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. उद्या त्यांना परत सोडायचंय. लेकीशेजारी मी बसणार, गाडी नवरा चालवेल. आणि आत्यांनी पट्टा लावल्याशिवाय मी ती सुरू करू देणार नाही.