चार बाजूंवरून शेताचे क्षेत्रफळ ठरत नाही

शेताच्या चारही बाजू फुटांत मोजा, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा, दोन्ही सरासऱ्यांच्या गुणाकाराला १०८९ ने भागा म्हणजे गुंठे निघतील, आणि ते सातबाऱ्याशी जुळले नाहीत तर शेजाऱ्याने बांध कोरला असे समजा, असा संदेश गावोगाव फिरतो आहे. त्यातील १०८९ हा आकडा बरोबर आहे, कारण ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा.

मुख्य दोष सरासरीत आहे. चार बाजू ठरल्या तरी चौकोनाचा आकार ठरत नाही; ढिली झालेली बाज कलते तसा तो कलू शकतो. चारही बाजू ३३० फूट असलेल्या शेताचे या सूत्राने नेहमी १०० गुंठेच निघतील. पण त्याच शेताच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतर ३३० फूट भरले, तर त्याचे दोन समभुज त्रिकोण होतात आणि खरे क्षेत्र ८६.६ गुंठेच राहते. ही चूक कधी कमी, कधी जास्त अशीही नसते: आयत सोडला तर सूत्राचे उत्तर नेहमी जास्तच येते, म्हणून जमीन विकत घेणाऱ्याचे त्यात हमखास नुकसान आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्र विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, कठोर शब्दांत फटकारले आहे.

म्हणून बाजूंबरोबर एक कर्ण मोजावा, दोन्ही त्रिकोणांचे क्षेत्र हेरॉनच्या सूत्राने (तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्र देणाऱ्या) काढावे आणि दुसरा कर्ण पडताळ्यासाठी ठेवावा. वाकड्या बांधासाठी शंकू-साखळीच्या (काटकोन साधण्याचे साधन आणि मोजणीची साखळी यांच्या) मोजणीत शेतातून सरळ रेषा टाकून तिच्यापासून प्रत्येक वळणापर्यंतचे अंतर काटकोनात घेतात, ते याच कारणाने.

उताराचा तर संदेशात उल्लेखच नाही. क्षेत्र आडव्या अंतरावर धरतात; १०० फूट टेप जमिनीलगत धरली आणि तेवढ्यात २० फूट चढ असला, तर आडवे अंतर सुमारे ९८ फूटच भरते.

शेजाऱ्यावरील आरोप तर कोणत्याच गणितातून निघत नाही. एका बाजूचा बांध आत आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच बाहेर सरकला, तर क्षेत्र तेच राहते, हद्द मात्र चुकते. हद्द ठरते ती मूळ टिपण (मूळ मोजणीच्या मापांची नोंद), नकाशा आणि जागेवरच्या जुन्या खुणा यांच्या मेळावरून. शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, मोजणीच्या वेळी लगतच्या खातेदारांसह स्वतः हजर राहावे आणि तोपर्यंत बांधाला हात लावू नये.