गांधी, आंबेडकर आणि आमची तहकूब ग्रामसभा

मागच्या २ ऑक्टोबरला गावी होतो. साडेदहाची ग्रामसभा, मारुतीच्या सभामंडपात. अकरा वाजून गेले तरी पंचवीस-तीस माणसं, ग्रामसेवक वही मांडीवर घेऊन बसलेले, शेवटी कोरम नाही म्हणून सभा तहकूब. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी तो. आणि गंमत अशी की तहकूब सभा पुन्हा बोलावली की तिला कोरमची अटच नाही! आठवड्याने पंधरा-सोळा डोकी जमली आणि घरकुलाची यादी मंजूर. संध्याकाळी शिपाई वही घेऊन घरी आला. आईने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "ठरलं काय पण?" तो म्हणाला, "काकू, करा हो सही, सगळ्यांनी केलीय."

आईने पेन परत दिलं.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे की ही ग्रामसभा आली कुठून. गांधीजींचं ग्रामस्वराज्य आपल्याला शाळेपासून पाठ. पण ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब काय बोलले ते किती जणांना माहितीय? गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा, असं त्यांनी भर सभागृहात सांगितलं आणि मसुद्यात गाव बाजूला ठेवून व्यक्तीला एकक मानलं याचा आनंद आहे असंही म्हणाले. गांधीजी जाऊन तेव्हा दहा महिने पण झाले नव्हते. सभासद खवळले. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींचं कलम सुचवलं, बाबासाहेबांनी ते मान्य केलं, तेच आजचं कलम ४०. पण ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही.

मग थेट पंचायतींना घटनेत पक्कं स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. माझ्या मते हे दोघं खरे भेटले ते इथे. २४३ अ मध्ये ग्रामसभा आहे, ते गांधीजींचं गाव. २४३ ड मध्ये अनुसूचित जाती-जमाती आणि बायकांसाठी राखीव जागा आहेत आणि त्यामागे मला बाबासाहेबांचीच भीती दिसते, की गाव मोकळं सोडलं तर जो आधीपासून बोलतोय तोच बोलणार. महाराष्ट्राने २०११ मध्ये बायकांच्या जागा निम्म्या केल्या. मेंबर, सरपंच बदलले, हे मी आमच्याच गावात बघितलंय.

पण सभा? ती अजून देवळात. वस्तीवरची माणसं आत येत नाहीत, पायरीशी उभी राहतात, कुणी अडवलेलं नाही तरी उभी राहतात. १९४८ मध्ये बाबासाहेब जे बोलले ते मला त्या पायरीवर दिसलं, आणि खरं सांगतो, मान खाली गेली. शाळेच्या पटांगणात घ्या ना सभा! हे मी उठून बोललो, तर म्हणे परंपरा आहे.

दुसरीकडे गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. तिथे निर्णय बहुमताने रेटत नाहीत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बसतात. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, मग स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकला. म्हणजे गांधीजींचं पण खोटं नव्हतं, फक्त त्यासाठी रोज बसावं लागतं, नुसत्या सह्या गोळा करून होत नाही.

आपल्याकडे भांडण कशावर, तर सरपंच थेट जनतेतून की सदस्यांमधून. २०१७ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला परत थेट. सरकार बदललं की नियम बदलतो. पण सरपंच कसाही निवडा हो, त्याला जाब विचारणारी सभाच भरत नसेल तर काय उपयोग? आणि महिला ग्रामसभा आधी घ्यायची असते, ती आमच्याकडे कधी झाली हे आईलाच आठवत नाही, जी चाळीस वर्षं त्या गावात राहतेय.

२६ जानेवारीची सभा शाळेत घ्या म्हणून लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. त्यावर आईची सही पहिली आहे, खाली वस्तीवरच्या अकरा जणींच्या.