सरळ करून दिलं

साडेतीनशे रुपये गेले, त्याचं काही नाही. (आहे, पण ते पुढे सांगतो.) माझा राग आहे तो 'सरळ करून दिलं' या तीन शब्दांवर.

सांगलीच्या गावभागातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात टीशर्ट छापायला टाकला होता. पांढरं कापड, छातीवर चार उभ्या काळ्या पट्ट्या. ब्लॅक फ्लॅग या कॅलिफोर्नियाच्या हार्डकोर, म्हणजे वेगवान, चिडक्या पंक रॉकच्या बँडचं हे चिन्ह, गिटारवाल्या ग्रेग गिनच्या भावानं, रेमंड पेटिबननं काढलेलं. त्यातल्या पट्ट्या वरखाली असतात, कारण तो फडकणारा झेंडा आहे. सगळी मजा त्या वरखाली असण्यात. बुधवारी आणायला गेलो, तर चारही पट्ट्या एका रेषेत. प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या, हातभर अंतर घेऊन.

"फाइलच वाकडी हुती सर," कॉम्प्युटरवरचं पोरगं म्हणालं. "सरळ करून दिलं. त्याचं वेगळं चार्ज लावलं नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावरून आवाज आला. "कुठल्या पक्षाचं म्हणायचं हे?"

हातात चांदीचं कडं, मांडीवर हेल्मेट. कुणा दादांच्या वाढदिवसाचा दहा बाय आठचा फ्लेक्स करायला हा गृहस्थ दुपारपासून बसला होता. शुभेच्छुकांचे अठ्ठावीस फोटो आले होते, एकोणतिसाव्याची वाट बघणं चाललं होतं. म्हणजे वेळच वेळ.

"पक्षाचं नाही, बँडचं आहे," मी म्हणालो. इथंच चुकलो. पक्ष म्हणालो असतो तर निदान चहा मिळाला असता.

"बँड? मिरजंचा?"

"अमेरिकेतला."

"सुपारी किती घेत्यात?"

इतकी वर्षं हे संगीत ऐकतोय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि दुर्दैवानं उत्तर येत होतं. ब्लॅक फ्लॅगचं नाही, फुगाझीचं. वॉशिंग्टनचा हा बँड तिकीट पाच डॉलरच्या आसपासच ठेवायचा. प्रेक्षकांत कुणी दांडगाई करू लागला की त्यांचा गायक इयन मॅकाय गाणं थांबवायचा आणि त्या माणसाला पाच डॉलर परत देऊन बाहेर काढायचा. जगातला सर्वोत्तम बँड कुठला, यावर माझं मत पक्कं आहे आणि ते हेच.

"हाकलायचं आणि वर पैसं परत?" गृहस्थ हळहळले. "धंदा येत नव्हता त्यास्नी. लावा बघू एकादं गाणं."

फुगाझी लावायला हवं होतं. पण माणूस ऐकतो म्हणाला की माझं भान सुटतं. लावलं मॅकायच्या आधीच्या बँडचं, मायनर थ्रेटचं. १९८१ चं, 'स्ट्रेट एज'. त्यांनी डोळे मिटून मान डोलवायची तयारी केली, दोनदा डोलवली, आणि गाणं संपलं.

"रेंज गेली?"

"नाही. संपलं."

"संपलं?"

"शेहेचाळीस सेकंदांचंच आहे."

दुधात पाणी सापडल्यावर गवळ्याकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "परत लावा." मी परत लावलं. दुसऱ्यांदा पोरगंही माउस सोडून ऐकत होतं. शेहेचाळीस सेकंद मला वाटलं, सांगलीत काहीतरी घडतंय.

"ह्यो नुसता मुखडा झाला," ते म्हणाले. "अंतरा कुठाय? आणि म्हणतोय काय?"

"मला नशापाणी लागत नाही, असं म्हणतोय."

"म्हंजे व्यसनमुक्ती."

"तसंच."

"मग एवढं चिडून कशापायी? आमचा थोरला भाऊ माळ घातल्यापास्नं आवाजसुद्धा चढवत नाही."

याला मला अजून उत्तर सुचलेलं नाही. रात्री दोनला जाग येते, तेव्हाही नाही.

चूक सुधारायला मी रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडकडे वळलो. १९७६ चा पहिला अल्बम, चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. "आमच्यात सूत्रसंचालनच अर्धा तास चालतंय," गृहस्थ अभिमानानं म्हणाले. चौघांचंही आडनाव रमोन, पण नात्यानं कुणी कुणाचा नाही, हे सांगितल्यावर मात्र ते खूश झाले. "म्हणूनच टिकलं असतील. सख्खं असतं तर बोलणं बंद पडलं असतं." जॉनी आणि जोई एकाच बँडमध्ये राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे मी सांगितलं नाही. कशाला भावकीत पडा?

खरा सल वेगळाच आहे. सांगलीत हे ऐकणारे आम्ही दोघे होतो. दुसरा पुण्याला गेला आणि आता गुंतवणुकीचे पॉडकास्ट ऐकतो. पेव्हमेंट या अमेरिकन बँडचा गायक सुराच्या कडेकडेनं चालतो, तिथल्याच गायडेड बाय व्हॉइसेस या बँडचा रॉबर्ट पोलार्ड, जो ओहायोत शाळामास्तर होता, घरच्या घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यांतली खरखर तशीच ठेवतो. हे कौतुक मी सांगायचं कुणाला? बायको म्हणते, मिक्सर चालू आहे का बघा. अहो, शेजारच्या मिरजेत सतारीची जवारी काढतात, ती तरी काय असते? तार घोडीला हलकेच घासत राहावी, आवाजाला झणकार यावा म्हणून दिवसदिवस कानस चालवायची. तिथे ती कला. माझ्या गिटारवाल्यानं तेच अँपमधून केलं की मिक्सर. आणि मी हे सगळं इयरफोन लावून ऐकतो. मिरवणुकीत तुमच्या स्पीकरच्या भिंती माझ्या कपाटातल्या कपबशा नाचवतात, तेव्हा कुणी विचारत नाही की एवढं चिडून कशापायी. जाऊ दे.

पैसे मागितले, अर्थातच. पोरगं म्हणालं, "छापलेला माल परत होत नाही सर." मी फुगाझीचा दाखला दिला. "ते हाकलताना द्यायचे," स्टुलावरून आवाज आला. "तुमास्नी कुठं कोण हाकलतंय? बसा की, चा सांगतो."

चहा झाला. एकोणतिसावा फोटो आला. जाता जाता ते स्क्रीनकडे बोट करून पोराला काहीतरी सांगत होते, त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी कॉलेज कॉर्नरला सिग्नलला थांबलो होतो. समोर दहा बाय आठचे दादा, हात जोडून. खाली एकोणतीस शुभेच्छुक, कडंवाले पहिल्या रांगेत. आणि दादांच्या मागे, सोनेरी रंगात, पार डोक्याच्या वरपर्यंत गेलेल्या चार पट्ट्या.

वरखाली. अगदी पेटिबननं काढल्या तशा, तंतोतंत. घाईत सरळ करायच्या राहिल्या असणार.

मागून हॉर्न वाजायला लागले. माझ्या अंगात तो प्रार्थनेचा टीशर्ट होता.