कथील किती अंशाला वितळतं, एवढंच विचारलं होतं

एक आकडा हवा होता. कथिलाचा द्रवणांक. डोळस माणसाला पाच सेकंद लागले असते, माझा अर्धा तास गेला आणि डोकं तापलं ते वेगळंच.

मी स्क्रीन रीडर वापरते. पान मला दिसत नाही, कानावर येतं, एका वेळी एक ओळ. एका बड्या ऑनलाइन संदर्भकोशात धातूंवरचा लेख उघडला. लेखक महाशय म्हणतात, "द्रवणांक खालील तक्त्यात पाहा." बरं, पाहते! खाली गेले तर कानात काय, "ग्राफिक, टेबल अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर टू डॉट जेपीजी." संपलं. पुढे थेट संदर्भसूची. तक्त्याचं चित्र करून चिकटवलंय, आणि ऑल्ट टेक्स्टच्या, म्हणजे चित्रात काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या मजकुराच्या जागी फाइलचं नाव! अरे, ते आकडे आधी कुणीतरी टाइप केलेच असतील ना? मग हातचा मजकूर मोडून त्याचं चित्र करायची दुर्बुद्धी सुचते तरी कशी?

खराखुरा तक्ता असता तर कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ दाबत मी चौकटीचौकटीतून फिरले असते. स्तंभाच्या वरच्या चौकटीला शीर्षक म्हणून खूण केलेली असली की "द्रवणांक, २३२" असं जोडीनं ऐकू येतं. नाहीतर नुसते आकडे कानावर आदळतात, घनता कुठली आणि तापमान कुठलं, देव जाणे.

मथळ्यांची तीच रड. एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी बसते, लांबलचक लेखात माझी अनुक्रमणिका तीच. पण या लोकांनी मथळे म्हणून नुसती ओळ ठळक केलीय, अक्षर मोठं केलंय. दिसायला मथळा, आतून साधी ओळ. एच दाबलं की उत्तर, पुढे मथळा नाही. मग ऐका सगळा लेख पहिल्यापासून! "अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा" हे लेखात सात वेळा. लिंकांची यादी काढली तर सात वेळा "येथे क्लिक करा". कुठे येथे? त्यातली एक उघडली तर स्कॅन केलेली पीडीएफ, आत अक्षर नाही, नुसते फोटो. माझ्यासाठी कोरी पानं.

ऑल्ट टेक्स्ट त्यांना माहीत नाही असंही नाही हो. परिच्छेदांमधल्या नक्षीच्या रेघेला मात्र आवर्जून लिहिलंय, "सुंदर निळी रेघ". प्रत्येक रेघेला! सजावटीचं ऑल्ट रिकामं सोडायचं असतं, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून जातो. जिथे बोलायचं तिथे मौन, जिथे गप्प बसायचं तिथे काव्य.

आणि हे काही कालपरवा निघालेलं खूळ नाही. वेबच्या सुगम्यतेच्या, म्हणजे पानं अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती मे १९९९ मध्ये आली. चित्राला मजकुराचा पर्याय द्या, ही त्यातली अगदी पहिली बाब. २००८ साली दुसरी आवृत्ती आली, मग २०१८ आणि २०२३ मध्ये तिच्यात भर पडली, तरी ही बाब पहिल्याच क्रमांकावर आहे. बाकी सोडा, पहिली ओळ तरी वाचा!

तक्रार करायला गेले तर फॉर्मच्या शेवटी कॅपचा. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे ठरेल. आवाजाचा पर्याय होता, विहिरीच्या तळाशी बसून कुणीतरी आकडे पुटपुटतंय असा. चौथ्या खेपेला माणूस ठरले.

दोन दिवसांनी उत्तर. "आपल्यासारखे वाचक फार थोडे असतात. घरातल्या कुणाकडून वाचून घेता येईल का?" आपल्यासारखे वाचक! फार थोडे! असं पान केल्यावर थोडेच उरणार की. आणि घरातल्यांना मी काय दर ओळीला हाका मारायच्या? शब्दकोश, विश्वकोश लोक वापरतात ते कुणाला न विचारता स्वतः शोधता यावं म्हणूनच ना?

मीही चिडून सविस्तर लिहिलं. तक्ता चित्र म्हणून टाकू नका, तक्ता म्हणून टाका, आणि तो कसा टाकायचा त्याच्या पायऱ्याही लिहून दिल्या. आज सकाळी मेल आला, "आपली अडचण दूर केली आहे." सोबत एक फाइल जोडलेली. तोच तक्ता, तेच जेपीजी. अक्षरं मोठी केलीत म्हणे.