मुळ्याच्या वाफ्याची मुळे

दिवाळीला मालवणला गेलो की आबाकाका मला काहीतरी दुरुस्तीला देतात. पुतण्या मुंबईत इंजिनीयर ना! आजवर त्यांचा पंप, मिक्सर आणि एक रेडिओ मी कायमचा बंद पाडलाय. यंदा नुसता हिशोब होता, म्हणून खुशीत होतो.

काकांकडे २० मीटर जाळी उरली होती. गुरं शिरू नयेत म्हणून तिचं कुंपण घालायचं आणि आत मुळा, तांबडी भाजी लावायची. वाफा आयताकृती, नि ‘चाळीस चौरस मीटर व्हयोच,’ हा काकीचा हुकूम.

‘लांबी-रुंदी काढून दी, मगे चाय,’ काका म्हणाले.

चार बाजू मिळून २०, म्हणजे लांबी-रुंदी मिळून १०. गुणाकार ४०. लांबी क्ष धरली, झालं वर्गसमीकरण: क्ष² − १०क्ष + ४० = ०. विवेचक काढला, म्हणजे उत्तर काढताना ज्याचं वर्गमूळ घ्यावं लागतं तो आकडा; तो वजा आला की खरं उत्तरच नाही. १०० वजा १६०, म्हणजे वजा ६०.

पेन बदलून पाहिलं. वजा ६०च.

दहावीत अशा वेळी ‘मुळे वास्तव नाहीत’ लिहून गुण खिशात घालता यायचे. इथे काका जाळी खांद्यावर घेऊन उभे. पार चौरस केला तरी पाचा पाचा पंचवीस, त्यापुढे वाफा सरकेना.

गंमत म्हणजे १५४५ साली कार्दानो नावाच्या इटालियन वैद्याने नेमकं हेच गणित घातलं होतं: १० चे असे दोन भाग करा की गुणाकार ४० यावा. एक भाग ५ अधिक वजा १५ चं वर्गमूळ (वजा संख्येच्या वर्गमुळाला गणितात ‘कल्पित’ म्हणतात), दुसरा ५ वजा तेच. गुणून पाहिलं तर बरोब्बर ४०! मग स्वतःच म्हणाला, हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी. त्याला चहा मिळाला असणार. मी मात्र काकांना ‘जागा कल्पित आहे’ म्हणालो, तर म्हणाले, ‘सातबाऱ्यार तरी दिसतली मां?’

तेवढ्यात काकी सूप घेऊन बाहेर आली. ‘त्या अंगाक गडगो आसा मां? मगे थंय जाळी कित्याक?’

गडगा, म्हणजे दगडी कुंपण! म्हणजे जाळी तीनच बाजूंना. पुन्हा मांडलं. विवेचक चक्क अधिक २०. सव्वासात बाय साडेपाच, नाहीतर साडेचौदा बाय पावणेतीन. चाळिसाला मूठभर कमी, पण जाळी पुरते. एका वाफ्याऐवजी दोन-दोन वाफे हातात! मी विजयी मुद्रेने कागद पुढे केला.

काकांनी जाळी खाली ठेवली.

‘गडगो कोणाचो, ता कोर्टात ठरूंदे आधी.’