काका, कॉलम घुसवू नका हो!

मंडळाच्या वर्गणीची शीट, १२ कॉलम. मला हवेत तीनच: नाव, मोबाईल, रक्कम. रात्री जागून एक्सेलचं चूजकॉल्स (CHOOSECOLS, नंबर देऊन हवे ते कॉलम उचलणारं फंक्शन) लावलं: २, ५, ९. सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जलेबी खात उघडतो, तर मोबाईलच्या जागी पत्ता आणि रकमेच्या जागी पावती नंबर! खजिनदारकाकांनी नावाशेजारी ‘गल्ली’ कॉलम घुसवलेला. फॉर्म्युलातली रेंज आपोआप वाढते, पण हाताने टाकलेले आकडे ढिम्म हलत नाहीत.

मग आकड्यांऐवजी मॅच (MATCH) फंक्शन लावून शीर्षकच शोधायला लावलं. काकांनी ‘रक्कम’चं ‘रक्कम रु.’ केलं. एरर! वर त्यांच्याकडे एक्सेल २०१६, त्यात चूजकॉल्सच नाही.

आणि काकाच म्हणतात, ‘काय भिया, तुझी शीट बिघडली वाटतं!’

माझी?