फीट, चमचा आणि कांदा: तो मेसेज परत आलाय

परत तोच मेसेज, ह्यावेळी फॅमिली ग्रुपवर, आणि टाकला कोणी तर आमच्या काकांनी. "फीट आली की दातात चमचा घाला नाहीतर जीभ गिळली जाते, हातपाय दाबून धरा, कांदा नाहीतर चप्पल हुंगवा, लगेच पाणी पाजा, आणि अशा मुलांचं खेळणं-पोहणं बंद करा." माझ्या मुलाला आठव्या वर्षापासून फिट्स येतात, आता १६ चा आहे, म्हणून लिहितेय.

चमचा. अहो जीभ गिळली जातच नाही, फार तर चावली जाते. पोराचा पुढचा दात अर्धा आहे ना, तो फीटने गेलेला नाहीये, एका लग्नात पंगतीतून धावत आलेल्या भल्या माणसाने दातखीळ उघडायला स्टीलचा चमचा घातला त्याने गेला. नशीब तुकडा घशात नाही उतरला.

दाबून धरणं तर नकोच, खांदा निखळू शकतो. आजूबाजूच्या खुर्च्या-बिर्च्या सरकवा, चष्मा काढा, डोक्याखाली ओढणी नाहीतर दप्तर, जमेल तसं कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. बहुतेक वेळा २-३ मिनिटांत थांबते. ५ मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर सरळ १०८. पाणी पूर्ण शुद्ध आल्यावरच, नाहीतर श्वासनलिकेत जातं.

खेळ बंद? क्रिकेटर जॉन्टी ऱ्होड्सलाही एपिलेप्सी, म्हणजे हाच फिट्सचा आजार आहे, तोच तो, १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये इंझमामला उडी मारून रनआउट करणारा. फिट्स कितपत कंट्रोलमध्ये आहेत ते बघून डॉक्टरांना विचारायचं आणि खेळू द्यायचं. पाण्याला मात्र मीही घाबरते, विहीर-नदी नाहीच, आणि पोहण्याच्या तलावात उतरला तर त्याचं माहिती असलेला, पोहता येणारा माणूस शेजारी पाहिजे. सायकल हेल्मेट घालून, सोसायटीच्या आतच. स्कूटीसाठी हट्ट चाललाय, पण लायसन्सच्या फॉर्ममध्ये फीटबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं, तिथे खोटं लिहायचं नाही.

आणि जिथे खरंच लागतं त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही! आमच्या बाथरूमची आतली कडीच काढून टाकलीय, तो आत असला की दाराला लाल नॅपकिन लटकतो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. चहा स्वतः करतो पण मागच्या बर्नरवर, आणि कप गॅसपाशीच आणायचा, उकळतं पातेलं उचलून फिरायचं नाही. गच्चीच्या कठड्यावर बसणं बंद. गोळी आणि झोप ह्यात मात्र मी अजिबात ऐकत नाही, गेल्या गणपतीत मित्रांबरोबर रात्रभर जागला, त्यात रात्रीची गोळी राहिली, सकाळी जिन्यात पडला, कपाळावर ४ टाके.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर काकांचा अंगठा आला आणि थोड्या वेळाने प्रश्न, "पण कांद्याने काही नुकसान तर नाही ना गं?"

काका, कांद्याने नाही होणार, पण तो आणायला तुम्ही त्याला जिन्यात एकटा टाकून स्वयंपाकघरात जाल ना, त्याने होईल.